घरी बांधलेली ड्रॅग कार: पेडल, लिव्हर आणि बटणं बसवायची कशी

गॅरेजचा दिवा बंद करा. हेल्मेट आणि हातमोजे घाला, सीटवर बसून पट्टे शर्यतीला आवळता तसे करकचून आवळा आणि इग्निशनचा स्विच शोधा. चाचपडण्यात एक सेकंद गेला, तर ताशी २०० किलोमीटरच्या वेगात गाडी तेवढ्यात ५५ मीटर पुढे गेलेली असते. घरी बांधलेल्या ड्रॅग कारचं, म्हणजे सरळ रेषेत पाव मैलाची शर्यत धावणाऱ्या गाडीचं, काम मी इथून सुरू करतो, इंजिनापासून नाही.

मी इंडियानात राहतो. इथे इंडियानापोलिसच्या ट्रॅकवर १९६१ पासून यूएस नॅशनल्स ही मोठी स्पर्धा भरते, आणि आसपासच्या गावांत कुणी ना कुणी जुनी गाडी खोलून बसलेला असतोच. माझी गाडी १९७४ ची शेव्हरोले नोव्हा. ३५० घनइंची व्ही-एट इंजिन, होली कंपनीचा कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग), टर्बो ३५० ऑटोमॅटिक गियरबॉक्स. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, बारा सेकंदांच्या आसपास कापते. नोकरीसाठी इकडे आलेली मराठी मुलं शनिवारी शर्यत बघायला येतात आणि महिन्याभरात एखाद्याचा फोन येतो, "काका, गाडी घेतली."

त्यांच्यासाठी हे लिहितोय. इंजिन कसं बांधायचं याची माहिती ढीगभर मिळते. पायाखालचं पेडल आणि हाताखालचं बटण मात्र पहिल्या शर्यतीच्या आदल्या रात्री घाईघाईत बसवलं जातं. माझा आग्रह एकच आहे: कुठलाही भाग तुटला, सुटला किंवा अडकला, तरी गाडी थांबण्याकडेच गेली पाहिजे. पुढच्या प्रत्येक पायरीवर हा प्रश्न स्वतःला विचारत चला.

अमेरिकेत बहुतेक ट्रॅक एनएचआरए, म्हणजे १९५१ साली वॅली पार्क्स यांनी स्थापन केलेल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या नियमांवर चालतात. नियमपुस्तक विकत घ्या आणि आपल्या वेगाच्या गाड्यांना काय लागू आहे ते गाडी कापायच्या आधी वाचा. उदाहरणार्थ, माझ्यासारख्या जुन्या गाडीने ११.४९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ दिला की रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारी पोलादी कमान, सक्तीचा होतो. तो बार नंतर बसवायचा ठरला तर सीट हलते, सीट हलली की सगळे कंट्रोल्स हलतात.

आधी सीट आणि पट्टे

सीट पक्की बोल्ट करा, मग पट्टे बसवा. कमरेचा पट्टा पोटावर नको, खाली कंबरेच्या हाडांवर बसला पाहिजे. खांद्याच्या पट्ट्यांचं मागचं टोक खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खाली हवं. फार खाली बांधलं तर धक्क्यात पट्टा मणक्यावर दाब देतो. पट्ट्यावरची निर्मितीची तारीख बघून घ्या. एनएचआरएच्या शर्यतीत एसएफआय १६.१ या सुरक्षा मानकाचे पट्टे त्या तारखेपासून दोनच वर्षं चालतात, त्यामुळे स्वस्तात मिळालेले वापरलेले पट्टे बऱ्याचदा निकामीच असतात.

आता सगळा पेहराव करून बसा, पट्टे आवळा आणि हात सहज जिथे पोचतात तिथे मास्किंग टेपच्या फुल्या मारा. जोर लावून, खांदा उचलून जिथे पोचता ती जागा धरायची नाही. फुल्यांच्या बाहेर एकही महत्त्वाचा स्विच जाता कामा नये. पट्टे न लावता बसून जागा ठरवली की डॅशबोर्ड अगदी जवळ वाटतो, आणि पट्टे लावल्यावर तोच वीतभर लांब जातो.

थ्रॉटल: इथे घाई करू नका

या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, उघडा अडकणं हा ड्रॅग कारमधला सर्वांत भीतिदायक बिघाड आहे, आणि तो बहुतेक वेळा चार रुपयांच्या भागामुळे होतो.

नियम सांगतो की परत ओढणारी स्प्रिंग थेट कार्ब्युरेटरच्या आर्मवर हवी. पेडलला स्प्रिंग आहे म्हणून भागत नाही, कारण मधली केबल सुटली की पेडल वर येईल आणि कार्ब्युरेटर उघडाच राहील. मी दोन स्प्रिंगा लावतो. एक काढून बघतो: राहिलेल्या एकटीने थ्रॉटल पूर्ण बंद केला पाहिजे. मग ती लावून दुसरी काढतो.

केबल थ्रॉटलसाठीच बनवलेली घ्या. चोकची केबल वापरायला बंदी आहे, आणि पोलादी केबलला वेल्ड किंवा ब्रेझिंग करून टोकं लावायलाही. तापवलेल्या तारेचा पीळ मऊ पडतो आणि ती जोडाला लागूनच तुटते. केबलचं आवरण दोन्ही टोकांना ब्रॅकेटमध्ये पक्कं धरा, वळण ऐसपैस ठेवा आणि हेडरपासून, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांपासून, लांब न्या. हेडरच्या उष्णतेने आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळलं की केबल थंड असताना छान चालते आणि गरम झाल्यावर चिकटते. गॅरेजमध्ये सापडत नाही असा हा दोष आहे.

पुढे पेडलचा स्टॉप. माझी मुलगी पेडल पूर्ण दाबून धरते आणि मी टॉर्च घेऊन कार्ब्युरेटरच्या तोंडातून आत बघतो. थ्रॉटलच्या चकत्या बरोबर उभ्या झाल्या त्याच क्षणी पेडल खालच्या स्टॉपला टेकलं पाहिजे. स्टॉप नसेल तर शर्यतीत घाबरून किंवा जोशात दाबलेल्या पायाचा सगळा जोर केबलवर येतो. केबल ताणते, ब्रॅकेट वाकतो, आणि आर्म आपल्या मध्यरेषेपलीकडे गेला की स्प्रिंग त्याला बंद करण्याऐवजी उघडाच ओढून धरते. म्हणून कार्ब्युरेटरच्या बाजूलाही आर्मला मध्यरेषा ओलांडू न देणारा अडथळा हवा. केबलऐवजी दांड्यांची जोडणी केली असेल तर पेडलला वरून पट्टी बसवा, म्हणजे बुटाचं टोक खाली घालून पेडल वर खेचता येतं. या पट्टीचा नियमही आहे.

दांड्यांची जोडणी मी नवख्याला सुचवत नाही, कारण व्ही-एट इंजिन जोर घेताना डावीकडून, म्हणजे इथल्या ड्रायव्हरच्या बाजूने, वर उचललं जातं. डावा इंजिन माउंट, म्हणजे इंजिनाला गाडीवर धरून ठेवणारा आधार, तुटला तर इंजिन उचलतं, दांडी जागेवरच राहते आणि थ्रॉटल आपोआप उघडतो. त्याने जोर आणखी वाढतो आणि इंजिन आणखी उचलतं. ही कल्पनेतली भीती नव्हे. डिसेंबर १९७१ मध्ये जनरल मोटर्सने माउंटच्या याच दोषापायी सुमारे ६७ लाख शेव्हरोले गाड्या परत बोलावल्या आणि इंजिनाला धरून ठेवणारी पोलादी तार बसवून दिली. साध्या रबरी माउंटवर रेसचं इंजिन ठेवू नका. घट्ट माउंट लावा, निदान डाव्या बाजूला साखळी किंवा पट्टी तरी लावा.

माझी स्वतःची चूकही सांगतो. मी वरचं सगळं केलं होतं, पण एअर क्लीनर काढून ठेवून. ट्रॅकवर तपासणीला गेलो तेव्हा निरीक्षकाने बॉनेट उघडलं, एअर क्लीनर तसाच ठेवून हाताने लिंकेज फिरवलं आणि मला जवळ बोलावलं. शेवटच्या पाव इंचात आर्मचं टोक एअर क्लीनरच्या तळाच्या कडेखाली जाऊन अडकत होतं. स्प्रिंगा दोन्ही होत्या, पण त्यांना ते सुटत नव्हतं. त्या दिवशी गाडी न पळवता परत आणली. तेव्हापासून थ्रॉटलची शेवटची चाचणी मी सगळं बसवून, बॉनेट लावून घेतो. पायाखाली चटई ठेवत नाही, गालिचाही कापून काढला आहे.

ब्रेकचं पेडल

रेसच्या कॅममुळे (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) इंजिनाचा व्हॅक्यूम कमी पडतो आणि त्याच व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देणारा सर्व्हो नीट काम करत नाही. त्यामुळे बरेच जण सर्व्हो काढून साधा मास्टर सिलिंडर लावतात. इथे एक गोष्ट विसरली जाते: सर्व्होच्या पेडलचं प्रमाण, म्हणजे पायाचा जोर किती पट होतो ते, साधारण ४:१ असतं, साध्या ब्रेकला ६:१ च्या आसपास लागतं. नुसता सर्व्हो काढला तर पेडल दगडासारखं कडक लागतं आणि गाडी थांबत नाही. दांडीचं भोक पेडलच्या फिरण्याच्या बिंदूजवळ घ्यावं लागतं.

पुश-रॉडला, म्हणजे पेडलपासून मास्टर सिलिंडरकडे जाणाऱ्या याच दांडीला, जेमतेम दीड मिलिमीटर मोकळीक ठेवा. मोकळीक नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, तेल परतत नाही आणि तापल्यावर ब्रेक आपोआप लागत जातात. मग एकाला पेडल पूर्ण ताकदीने दाबायला सांगा आणि तुम्ही फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि ड्रायव्हर यांच्यामधल्या पत्र्याकडे, बघा. पत्रा लवताना दिसला तर मागून जाड पट्टी द्या. ब्रेक आणि थ्रॉटल यांत एवढं अंतर हवं की रेसचा बूट घालून ब्रेक दाबताना बुटाची कड थ्रॉटलवर जाणार नाही. हे अंतर त्याच बुटांनी मोजा, चपला घालून नको.

स्टिअरिंग

जोडाला रॉड एंड, म्हणजे आत गोळा फिरणारे सांधे, वापरले असतील तर प्रत्येकाच्या बाहेरच्या बाजूला मोठ्या व्यासाचा वायसर हवा. रॉड एंडमधला गोळा झिजून निसटला तरी तो वायसर पार करून बाहेर येऊ शकत नाही, जोड ढिला होतो पण सुटत नाही. दोन डॉलरचा वायसर आहे, आणि तपासणीत तो बघतातच.

चाक काढता येणारं असेल तर ते लावल्यावर दर वेळी स्वतःकडे जोरात ओढून बघायची सवय लावा. गाडी जॅक स्टँडवर चढवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. टायर, ब्रेकची नळी, हेडर, कुणी कुणाला घासत नाही ना ते बघा. चाकावर बटण असेल तर त्याची वायर गुंडाळीची घ्या, नाहीतर ती कॉलमभोवती आवळते. चावीने स्टिअरिंग लॉक होण्याची मूळची सोय काढून टाका, कारण घाईत चावी मागे फिरवली आणि चाक लॉक झालं तर पुढे काहीच हातात राहत नाही.

गियर लिव्हर

ऑटोमॅटिकला दोन गोष्टी सक्तीच्या आहेत. गाडी फक्त न्यूट्रल किंवा पार्कमध्येच सुरू होऊ देणारा स्विच, आणि चुकून रिव्हर्स पडू न देणारा स्प्रिंगचा अटकाव. स्विचची चाचणी अशी: इग्निशन कॉइलची वायर काढा, चाकं जमिनीवरून उचला, ब्रेक दाबा आणि प्रत्येक गियरमध्ये स्टार्टर मारून बघा. एखाद्या गियरमध्ये इंजिन फिरलं तर तिथेच थांबा. एकाने लिव्हर प्रत्येक खाचेत टाकायचा आणि दुसऱ्याने गाडीखाली गियरबॉक्सचा आर्म आपल्या खाचेत बरोबर बसतो का ते बघायचं. केबल एका आट्याने चुकली तरी गियरबॉक्समधले क्लच पॅक अर्धवट धरतात आणि जळतात.

शक्य असेल तर उलट क्रमाची व्हॉल्व्ह बॉडी (गियरबॉक्समधला गियर बदलणारा तेलाच्या झडपांचा भाग) घ्या, ज्यात न्यूट्रलनंतर १, २, ३ असा क्रम येतो. मूळच्या क्रमात दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हात न्यूट्रलच्या दिशेने जातो. उत्साहात एक खाच जास्त ढकलली की पूर्ण थ्रॉटलवर न्यूट्रल, आणि इंजिन सुटतं, म्हणजे बेलगाम वेगाने फिरतं. उलट क्रमात तिसऱ्याच्या पुढे जायला जागाच नाही.

गियरबॉक्स पायांच्या शेजारीच असतो हे विसरू नका. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर नामांकित ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्स यांच्या ड्रॅगस्टरचा गियरबॉक्स स्टार्टलाच फुटला आणि त्यांच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. पुढच्या वर्षी ते इंजिन ड्रायव्हरच्या मागे असलेली गाडी घेऊन परतले आणि जिंकू लागले. आपल्या दारांच्या गाड्यांत पाय तिथेच राहणार, म्हणून गियरबॉक्सवर प्रमाणित संरक्षक कवच घाला. वेग वाढला की ते सक्तीचं होतंच.

लाइन-लॉक आणि ट्रान्स-ब्रेक

लाइन-लॉक म्हणजे पुढच्या ब्रेकच्या नळीतला विजेवर चालणारा व्हॉल्व्ह. ब्रेक दाबायचा, बटण दाबून धरायचं, ब्रेक सोडायचा: पुढची चाकं धरलेली राहतात आणि मागची मोकळी फिरून टायर तापतात. याचं बटण दाबून धरेपर्यंतच चालणारं हवं. चालू-बंद राहणारा टॉगल लावला आणि बंद करायला विसरलात, तर पुढची चाकं धरलेलीच राहून गाडी स्टार्टला जाईल. हँडब्रेक म्हणूनही तो वापरू नका. वीज गेली की तो सुटतो.

लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरची द व्हॅली रन ही ड्रॅग शर्यत बघून पुण्या-मुंबईची मुलंही मला विचारतात. त्यांच्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या असतात, म्हणजे धरून ठेवायची ती मागची चाकं. पण अशा गाड्यांच्या ब्रेकच्या नळ्या बहुधा तिरप्या जोडलेल्या असतात, एक पुढचं चाक आणि विरुद्ध बाजूचं मागचं चाक अशा जोड्यांत. मास्टर सिलिंडरच्या एका नळीत व्हॉल्व्ह बसवला तर एक पुढचं आणि एक मागचं चाक धरलं जाईल. नळ्यांचा माग काढल्याशिवाय काहीही कापू नका.

ट्रान्स-ब्रेक गियरबॉक्समध्ये पहिला आणि रिव्हर्स एकाच वेळी लावून गाडी जागच्या जागी धरतो आणि बटण सोडताच गाडी सुटते. पहिल्या वर्षी तो लावूच नका असं माझं मत आहे. लावलात तर त्याचं बटण स्टिअरिंगवर आणि लाइन-लॉकचं गियर लिव्हरवर ठेवा. दोन्ही अंगठ्याजवळ शेजारी शेजारी ठेवणं म्हणजे चुकीला आमंत्रण.

स्विच आणि मागचा किल स्विच

इग्निशनचा स्विच बाकीच्यांपासून वेगळा, मोकळ्या जागेत आणि वेगळ्या आकाराचा हवा. पंखा, पंप, दिवे एका रांगेत राहू देत, हा त्या रांगेत नको. सगळे स्विच एकाच दिशेने बंद होतील असे बसवा. माझे सगळे खाली पाडले की बंद होतात, त्यामुळे घाबरल्यावर हाताची एक झापड पुरते.

बॅटरी डिकीत हलवली की गाडीच्या अगदी मागच्या टोकाला, बाहेरून हात पोचेल असा मुख्य किल स्विच, म्हणजे गाडीची सगळी वीज तोडणारा स्विच, सक्तीचा होतो. तो बॅटरीच्या धन बाजूला हवा, बंदची दिशा ठळक लिहिलेली हवी, आणि ढकल-ओढ प्रकारचा असेल तर ढकलल्यावर बंद झाला पाहिजे. उलटलेल्या गाडीकडे धावत आलेला माणूस ओढत बसणार नाही. प्लॅस्टिकचे आणि चावीचे स्विच चालत नाहीत.

नवखे लोक हमखास चुकतात ते अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या, जोडणीत. किल स्विचने बॅटरी तुटते, पण फिरणारा अल्टरनेटर इग्निशनला वीज देत राहतो आणि इंजिन चालूच राहतं. यावर साधा उपाय म्हणजे अल्टरनेटरची चार्जिंगची वायर थेट स्विचच्या बॅटरीकडच्या टोकाला न्यायची. मग स्विच बंद केल्यावर अल्टरनेटर फक्त बॅटरीला जोडलेला राहतो, बाकी गाडी मरते. ती वायर कायम जिवंत राहणार, म्हणून बॅटरीजवळच मोठा फ्यूज लावा आणि ती पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला. चाचणी इंजिन आयडलवर ठेवून नको, २००० आरपीएमवर घ्या.

बिघाडाचा सराव

थ्रॉटल अडकला तर क्रम असा: इग्निशन बंद, ब्रेक, मग न्यूट्रल. आधी न्यूट्रल टाकला तर पूर्ण उघड्या थ्रॉटलवर इंजिन सुटून फुटू शकतं. इग्निशन आधी बंद केलं तर तेच इंजिन गाडीला मागे खेचायला मदत करतं. सर्व्हो असेल तर इंजिन बंद झाल्यावर एक-दोन वेळाच मदत उरते, म्हणून ब्रेक एकदाच दाबा आणि दाबून ठेवा, पंप करू नका.

हे डोळे मिटून, पट्टे लावून, गॅरेजमध्ये वीस वेळा करा. कुणाला तरी बाहेरून अचानक "अडकला!" म्हणून ओरडायला सांगा. माझ्याकडे हे काम मुलगी मन लावून करते.

ट्रॅकवर पहिल्या दिवशी पूर्ण पाव मैल जाऊ नका. पहिल्या फेरीत ६० फूट जाऊन पाय सोडा, दुसरीत अर्ध्यापर्यंत जा. प्रत्येक फेरीनंतर बॉनेट उघडा. नट घट्ट केल्यावर मी नट आणि बोल्ट यांच्यावरून नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढतो. नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. पेडलचे, पुश-रॉडचे, रॉड एंडचे, केबलच्या ब्रॅकेटचे, सगळे नट असे रंगवलेले आहेत. नोव्हाच्या पहिल्या दिवशी तिसऱ्या फेरीनंतर ब्रेकच्या पुश-रॉडच्या चेक नटची रेघ तुटलेली दिसली, पाव फेऱ्याने सरकली होती. तिथेच पाना काढला, मोकळीक पुन्हा मोजली, नट आवळला आणि जुनी रेघ पुसून नवी ओढली. मगच गाडी पुन्हा रांगेत लावली.